जहाज थांबत नाही, म्हणून?

युरोपच्या किंवा सिंगापूरच्या क्रूझचं बुकिंग झालं की मराठी घरात एक सल्ला हमखास येऊन पोहोचतो. ट्रॅव्हल एजंट तो देतो, आधी जाऊन आलेले साडू देतात, आणि जहाजावर पहिल्याच दिवशी भरणाऱ्या माहितीसत्रात सहली विकणारा अधिकारी मायक्रोफोनवरून देतो: बंदरात उतरून फिरायचं तर जहाजाचीच सहल घ्या, कारण स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबणार नाही. यातला दुसरा भाग खरा आहे. पहिला भाग बहुतेक बंदरांना लागू होत नाही. तरीही दोन्ही एका दमात सांगितले जातात, ऐकणारा घाबरतो, आणि आयुष्यात कदाचित एकदाच दिसणारं शहर बसच्या काचेतून पाहून परत येतो. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हा प्रतिवाद.

या सल्ल्याच्या बाजूने जी घटना नेहमी पुढे केली जाते तिच्यापासूनच सुरुवात करू. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटावरून निघालं तेव्हा आठ प्रवासी मागे राहिले. ते खासगी सहलीला गेले होते आणि परतायला तासाभराहून जास्त उशीर झाला होता. जहाज अजून नांगरलेलंच होतं. तटरक्षकांनी त्यांना बोटीतून जहाजापर्यंत नेलं, पण वर घेतलं गेलं नाही. मजल दरमजल करत, देशामागून देश ओलांडत त्यांनी शेवटी सेनेगलच्या डाकार बंदरात जहाज गाठलं. जगभर बातम्या झाल्या, आणि ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’ म्हणणाऱ्यांना कायमचा दाखला मिळाला.

घटना खरी आहे, पण ती साओ टोमेत घडली हे सांगताना गाळलं जातं. ते बेट आहे. तिथे जहाज लांब नांगर टाकतं आणि माणसांची ने-आण छोट्या बोटींनी होते. रेल्वे नाही, पुढच्या बंदराला जोडणारा रस्ता नाही, विमानं मोजकी. अशा ठिकाणी स्वतःहून लांब जाऊ नये हे मलाही मान्य आहे. आता हीच चूक इटलीत झाली असं धरा. रोमसाठीचं बंदर चिव्हितावेक्या. जहाज संध्याकाळी सुटून सकाळी नेपल्सला लागणार आहे, आणि तुमचं जहाज चुकलं. तुम्ही रेल्वेने रोमला परत जाता. रोमहून नेपल्सला वेगवान गाडी साधारण सव्वा तासात पोहोचते. जहाज धक्क्याला लागेल तेव्हा तुम्ही तिथे आधीच उभे असाल. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे जातील, जिवाला घोर लागेल, बायको चार दिवस बोलणार नाही. पण सुट्टी बुडणार नाही. साओ टोमेची भीती चिव्हितावेक्यात विकली जाते, त्याला माझा विरोध आहे.

जहाजाच्या सहलीबाबत एक गोष्ट निखळ खरी आहे, ती आधीच मान्य करतो. कंपनीच्या सहलीची बस वाहतुकीत अडकली तर जहाज सहसा थांबतं, आणि थांबणं शक्य नसेल तर कंपनी आपल्या खर्चाने प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवते. शिवाय वादळामुळे जहाज त्या बंदरात गेलंच नाही तर सहलीचे पैसे परत मिळतात. खासगी सहलीत ते मिळतीलच असं नाही, म्हणून बुकिंग करताना ही अट वाचून घ्यावी लागते. ही हमी मोलाची आहे. पण कोणत्याही हमीची किंमत ती कोणत्या संकटापासून वाचवते आणि ते संकट किती संभवतं यावर ठरते. ही किंमत बंदरागणिक बदलते. सल्ला मात्र सगळीकडे तोच.

तो तसाच का राहतो, हे समजायला मोठ्या क्रूझ कंपन्यांचे वार्षिक अहवाल पुरेसे आहेत. रॉयल कॅरिबियनच्या एकूण उत्पन्नात तिकिटांव्यतिरिक्तचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास असतो, कार्निव्हलमध्ये त्याहून काहीसा जास्त. मद्य, कॅसिनो, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली, सगळं त्यात येतं. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि जहाजावर चढल्यावर कमवायचं, असा हा धंदा आहे. त्यात गैर काही नाही. पण विकणाऱ्याचं म्हणणं आपल्या घरी अनुभवाचे बोल म्हणून फिरू लागतं तेव्हा त्याची तपासणी व्हायला हवी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती या चर्चेत जवळपास कधीच येत नाही. जहाज चुकण्याविषयीचे इंग्रजीतले बहुतेक सल्ले अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट गृहीत धरून लिहिलेले असतात. जहाज चुकलं तर ती माणसं पुढच्या देशाचं विमान पकडतात. आपल्याला तसं करता येत नाही. म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याने अंतर आणि वेळ याआधी विचारायचा प्रश्न असा: पुढचं बंदर कोणत्या देशात आहे, आणि तिथे जमिनीवरून किंवा विमानाने शिरायचा परवाना माझ्याकडे आहे का? रोमनंतर नेपल्स असेल तर चिंता नाही. बार्सिलोनानंतर मार्से असेल तरी नाही, एकाच व्हिसावर चालणारा सगळा शेंगेन प्रदेशच आहे. पण सँटोरिनीनंतर तुर्कस्तानातलं कुशादासी असेल, तर सँटोरिनीत मागे राहणं म्हणजे वेगळ्या देशाचा व्हिसा, वेगळं विमान आणि कदाचित शेंगेनमध्ये परत शिरण्याचा प्रश्न. तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रोला शिवून पुन्हा ग्रीस-इटलीत येणाऱ्या क्रूझसाठी शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, हे तर जहाज न चुकताही लागू आहे. एकाच प्रवेशाचा व्हिसा हातात असलेल्या माणसाला चढतानाच अडवलं जाऊ शकतं.

आणखी एक अडचण आपल्याच वाट्याला येते. बऱ्याच जहाजांवर भारतीय प्रवाशांचे पासपोर्ट चढतानाच काढून घेतात आणि ते जहाजाच्या कार्यालयात राहतात. तेव्हा खाली उतरताना खिशात काय हवं ते ठरवून ठेवा: पासपोर्ट आणि व्हिसाची छायाप्रत, जहाजाचं ओळखपत्र, एक चालणारं कार्ड, थोडे युरो, आणि जहाजाच्या त्या दिवसाच्या पत्रकावर छापलेला बंदरातल्या स्थानिक प्रतिनिधीचा फोन नंबर. जहाज चुकलंच तर सगळ्यात आधी फोन त्याला करायचा. तुमचा पासपोर्ट आणि कागदपत्रं जहाज सहसा त्याच्याकडेच सोडतं. घरातल्या मोठ्यांची रक्तदाबाची, साखरेची औषधं दोन दिवसांची जवळ असावीत. ही सगळी तयारी एका छोट्या पिशवीत मावते, आणि ‘जहाज थांबणार नाही’ या वाक्यातला निम्मा धाक तिने जातो.

जहाजाची सहल घेतली की व्हिसाचा प्रश्न मिटतो, असंही काही एजंट सांगतात. हा समज कुठून आला ते मला माहीत आहे. रशियाने २००९ मध्ये नियम केला होता की क्रूझने किंवा फेरीने येणाऱ्या प्रवाशाला मान्यताप्राप्त सहलीबरोबर राहिल्यास ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय फिरता येईल. सेंट पीटर्सबर्गला जाणारी जहाजं त्याचा भरपूर वापर करत. तिथे सहल घेणं खरंच शहाणपणाचं होतं. २०२२ नंतर मोठ्या कंपन्यांनी तिथे जाणं थांबवलं. एका बंदराचा तो नियम इतर देशांना लावता येत नाही.

पुढचा मुद्दा सुरक्षेचा. ‘पैसे जास्त जातात, पण निदान सुरक्षित तरी असतं,’ हे वाक्य मी ज्येष्ठांच्या तोंडून ऐकतो तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या वेळी बेटावर ४७ माणसं होती. त्यातली ३८ ‘ओव्हेशन ऑफ द सीज’ या जहाजावरून आली होती, जहाजाच्याच सहलीवर. एकूण २२ जणांचा जीव गेला. त्याआधी काही आठवडे, नोव्हेंबरमध्ये, ज्वालामुखीची सतर्कता पातळी एकवरून दोनवर नेलेली होती. या जोखमीची पुरेशी कल्पना आम्हाला दिलीच नव्हती, असं म्हणत पीडित क्रूझ कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. २५ जून २०१५ रोजी अलास्कात केचिकनजवळ पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान डोंगरावर आदळून नऊजण गेले; आठही प्रवाशांनी ती सहल क्रूझ कंपनीमार्फत घेतली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणं नोंदवताना वैमानिकाच्या निर्णयाबरोबरच खराब हवेत उडण्याला मूक संमती देणारी त्या विमान कंपनीची संस्कृती आणि तिथल्या सहल-कंपन्यांमधल्या चढाओढीचा दबावही नोंदवला. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोत महाहुआलजवळ क्रूझ प्रवाशांना माया अवशेष दाखवायला नेणारी बस उलटून १२ जण मेले.

जहाजाच्या सहली इतरांपेक्षा धोक्याच्या असतात, असं मी यावरून म्हणत नाही. धोका सहल कुणी विकली यावर ठरत नाही, सहलीत काय करायचं आहे यावर ठरतो. ज्वालामुखीच्या तोंडाशी जाणं, ढगाळ हवेत छोट्या विमानातून खाडी बघणं, पावसाळी समुद्रात स्पीडबोट, यांची जोखीम जहाजाच्या शिक्क्याने कमी होत नाही. शिवाय तिकिटाबरोबर जो करार आपण न वाचता मान्य करतो त्यात बहुधा लिहिलेलं असतं की सहल चालवणारा हा स्वतंत्र कंत्राटदार आहे आणि त्याच्या कृतीची जबाबदारी कंपनीवर नाही. म्हणजे मंचावरून सुरक्षेचं आश्वासन ऐकायचं आणि कागदावर ते सोडून द्यायचं. जहाजाची हमी घड्याळापुरती आहे. तिला जिवाची हमी समजून पैसे मोजू नका.

वेळ वाचतो, हा तिसरा दावा. त्यासाठी एक दिवस नीट मोजून पाहू. पत्रकावर ‘रोम, सकाळी ७ ते संध्याकाळी ७’ असं असतं. या बारा तासांपैकी सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास उतरण्याची परवानगी मिळण्यात जातो, आणि सुटायच्या किमान अर्धा तास आधी सगळ्यांनी जहाजावर असावं लागतं. बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. जहाजाच्या सहलीत आधी नाट्यगृहात जमायचं, छातीवर नंबराचा स्टिकर लावायचा, सगळे येईपर्यंत थांबायचं, मग चाळीस-पन्नास जणांच्या बसने दीड-दोन तास जायचं. प्रत्येक थांब्यावर पन्नास जण उतरायला आणि चढायला जो वेळ लागतो तो तुमच्याच दिवसातून वजा होतो. सहलीच्या नावात ‘पॅनोरॅमिक’ हा शब्द असेल तर बरीचशी ठिकाणं बसमधूनच दाखवणार, हे आधी कळलेलं बरं. अशा दिवसाला माणशी दीडशे-दोनशे डॉलर सहज लागतात.

आता दुसरी वाट. बंदराच्या शटल बसने गोदीबाहेर, तिथून रेल्वे स्थानक. प्रादेशिक गाडी पाऊण-एक तासात सान पिएत्रो स्थानकात सोडते, तिथून व्हॅटिकन चालत गाठता येतं. तीच गाडी पुढे तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्थानकाला जाते. भाडं पाच युरोच्या आसपास. सहा जणांच्या कुटुंबाचा फरक तुम्हीच काढा. पैसे हा मला दुय्यम मुद्दा वाटतो. मोठा फरक असा की सेंट पीटर्सच्या आत वडील पाऊण तास नुसते बसून राहिले तर त्यांना कुणी उठवत नाही.

मात्र हे फुकट मिळत नाही, त्यासाठी घरी बसून काम करावं लागतं. कोलोझियमचं तिकीट आता नावानिशी आणि ठरावीक वेळेचं असतं. बुधवारी सकाळी पोपच्या जाहीर भेटीमुळे सेंट पीटर्स बॅसिलिका पर्यटकांना दुपारपर्यंत सहसा बंद असते. फ्लॉरेन्समधली उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद. तेव्हा जहाज फ्लॉरेन्ससाठीच्या लिव्होर्नो बंदराला सोमवारी लागणार असेल तर मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघायचा बेत क्रूझ निवडतानाच सोडा किंवा दुसरी तारीख घ्या. पाँपेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजार माणसांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव लागतं. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसलाही दिवसाला वीस हजारांची मर्यादा आणि वेळेचे गट आहेत. इटलीत रेल्वेचे संप बरेचदा होतात, पण बहुधा आधी जाहीर होतात. आठवडाभर आधी तारीख तपासा, आणि संप असेल तर त्या दिवशी हट्ट न करता जहाजाची बस घ्या.

नेपल्सबद्दल तर वाद घालायची गरजच पडू नये. जहाज शहराच्या पोटातच लागतं. पाँपेईला जाणारी चिर्कुमवेझुव्हियाना ही लोकल गाडी पाऊण तासाच्या आत अवशेषांच्या दारात सोडते. गाडी जुनी आहे, गर्दी असते, पाकीट सांभाळावं लागतं. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला तिची भीती घालण्यात अर्थ नाही. अथेन्ससाठी पिरिअस बंदरातून मेट्रो आहे, २०२२ पासून विमानतळाला जाणारी तिसरी मार्गिकाही तिथपर्यंत आली. जहाज लागतं तिथून स्थानक जरा लांब आहे, तेवढ्यापुरती बस किंवा टॅक्सी घ्या.

आपल्याकडचे बहुतेक लोक पहिली क्रूझ करतात ती सिंगापूरहून तीन-चार रात्रींची, पेनांग आणि फुकेतची. तिथेही हाच सल्ला दिला जातो, आणि पेनांगच्या बाबतीत तो मला अक्षम्य वाटतो. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. धक्क्याबाहेर पडलं की जॉर्जटाउन सुरू होतं. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेलं जुनं शहर. फोर्ट कॉर्नवॉलिस काही मिनिटांच्या चालीवर. तिथून पुढे लिटिल इंडियात इडली-डोसे, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण, मारिअम्मनचं देऊळ, आणि त्याच परिसरात चिनी मंदिर, मशीद, इंग्रजांचं चर्च. पायी फिरायच्या या शहराला लोक बसमधून बघतात, कारण कुणीतरी त्यांना जहाज सुटण्याची भीती घातलेली असते. फुकेतची गोष्ट उलटी आहे. तिथे मोठं जहाज बहुतेकदा पाटोंगच्या समुद्रात नांगर टाकतं, किनाऱ्यावर छोट्या बोटीने जावं लागतं, परतीच्या बोटीला रांग लागते. त्यात आणखी स्पीडबोटीने फी फी बेटांवर जायचा मोह असेल तर जहाजाचीच सहल घ्या, किंवा त्याहून चांगलं, पाटोंगलाच थांबा.

राहिला आई-बाबांचा प्रश्न, आणि तो मी हलक्यात घेत नाही. ‘सत्तरीच्या माणसांना घेऊन परक्या देशात ट्रेन कुठे शोधायची?’ हे म्हणणाऱ्याची काळजी खरी असते. पण त्यावर पन्नास जणांची बस हे उत्तर कसं होतं ते मला कळत नाही. गाइड पुढे काठी उंच धरून झपाझप चालतो, गुडघे दुखणारी आई मागे पडते, आणि सगळा गट आपल्यामुळे खोळंबला या संकोचाने ती दिवसभर गप्प राहते. स्वच्छतागृह कधी मिळेल ते गाइड ठरवणार. जेवण ठरलेल्या हॉटेलात. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांना तिथे पाव आणि सॅलड. मोठ्यांना घेऊन जाताना खरा आराम हवा असेल तर खासगी व्हॅन आणि ड्रायव्हर. सहा-सात जणांनी मिळून केली तर खर्च जहाजाच्या सहलीइतका किंवा कमीच येतो. जहाज सुटण्याची वेळ सांभाळायची लेखी हमी देणारे स्थानिक लोक मोठ्या बंदरांत असतात; त्यांचं पोट क्रूझच्याच प्रवाशांवर चालतं, उशीर त्यांना परवडत नाही. आणि एखाद्या बंदरात आई-बाबांना उतरावंसं वाटलं नाही तर रिकाम्या झालेल्या जहाजावर त्यांना दिवस छान घालवू द्या. प्रत्येक बंदरात उतरलंच पाहिजे असा कुठे नियम आहे?

मी जहाजाची सहल कुठे घेईन, तेही सांगतो. बँकॉकसाठी जहाज लाएम चाबांगला लागतं, शहर सव्वाशे किलोमीटरहून लांब आणि वाहतूक बेभरवशाची. हो ची मिन्ह शहरासाठी बरीच जहाजं फू मी या बंदरात थांबतात, जायला-यायला दोन-दोन तास. मालागाहून ग्रानाडाचा अलहम्ब्रा बघायचा असेल आणि तिकिटं आपली आपल्याला मिळाली नसतील, तर घेईन. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाने लक्षद्वीपला गेलात तर तिथे भारतीयांनाही परवाना लागतो आणि किनारा छोट्या बोटीनेच गाठावा लागतो. तिथे जहाजाच्याच व्यवस्थेने जावं. त्याच जहाजाने मुरगावला उतरून पणजी बघायला मात्र सहल विकत घ्यायची गरज नाही. टॅक्सी आदल्या दिवशी ठरवून ठेवा, एवढंच.

सँटोरिनीला मी जहाजाची सहल आंधळेपणाने घेणार नाही, तिथे एक बारकावा आहे. जहाजाच्या सहलीची माणसं अथिनिओस धक्क्यावर उतरून बसने वर जातात, हे ठीक. पण अनेकदा ती सहल फिरा गावात संपते आणि खाली जुन्या धक्क्यावर उतरायला केबल कारच्या रांगेत तुमचं तुम्हीच उभं राहायचं असतं. दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा २०२५ पासून आहे, तरी दुपारी ती रांग फार लांबते. सहल घेण्याआधी विचारा: परत जहाजापर्यंत सोडणार की गावात? उत्तर ‘गावात’ असेल तर तुम्ही निम्म्याच हमीचे पैसे देताय.

आणि काही शहरं अशी आहेत की ती कुणाच्याच सहलीने बघू नयेत. पत्रकावर ‘पॅरिस’ लिहिलेलं असतं, जहाज ल हाव्रला असतं, दोनशे किलोमीटर दूर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, तिथून बर्लिन एका बाजूला तीन तास. ‘व्हेनिस’ तर आता बऱ्याच जहाजांसाठी राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते असतं, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. दिवसातले सहा तास बसमध्ये घालवून आयफेल टॉवरसमोर एक फोटो काढण्यापेक्षा ल हाव्रहून पाऊण तासावरचं ओंफ्लर बघा, किंवा रुआँचं कॅथेड्रल. वार्नेम्युंडेहून पंधरा-वीस मिनिटांच्या लोकलने रोस्टॉक. राव्हेन्नाला उतरलात तर व्हेनिस विसरा. तिथली पंधराशे वर्षांपूर्वीची मोझेइक चित्रं बघायला लोक मुद्दाम येतात.

शेवटचा आक्षेप: एवढा अभ्यास करायला वेळ कुणाला आहे? एका संध्याकाळचं काम आहे. बार्सिलोनाहून निघणारी एक सर्रास विकली जाणारी सात दिवसांची फेरी घ्या: मार्से, जेनोआ, चिव्हितावेक्या, पालेर्मो, पाल्मा. नकाशा उघडा, प्रत्येक बंदरासमोर जहाज नेमकं कुठे लागतं, शहर किती लांब, रेल्वे आहे का, पुढचं बंदर कोणत्या देशात, आणि त्या दिवशी कोणता वार, एवढं लिहा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून मनगटावर बांधा, कारण मोबाइल किनाऱ्यावर गेल्यावर स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि जहाजाची वेळ तीच असेल असं नाही. परतीसाठी दोन तासांची सवड ठेवा. या यादीत व्हिसाचा प्रश्न कुठेच येत नाही, सगळं शेंगेन. जेनोआत जहाज प्रिन्चिपे स्थानकाजवळ लागतं, जुनं शहर चालत. पालेर्मोतही चालतच, थिएटर मास्सिमोपर्यंत. पाल्मात कॅथेड्रलपर्यंत शहर-बस. चिव्हितावेक्याहून वर सांगितलेली गाडी. जहाजाच्या सहलीवर पैसे घालावेत असं मला या सबंध आठवड्यात एकच ठिकाण दिसतं, मार्से. तेही आई-बाबा बरोबर असतील आणि ले बो किंवा गोर्दसारखी डोंगरावरची गावं बघायची असतील तर, कारण तिथे धक्का शहरापासून लांब आहे आणि त्या गावांना रेल्वे नाही.